माप तेच, दाब वेगळा : ग्लिसेंटी ते बेरेटा

आज सुरुवात थेट चांदमारीच्या मैदानावरून करू. साल १९८७-८८. अमेरिकी नौदलाच्या खास पथकातले जवान, ज्यांना 'सील' म्हणतात ते, नव्या कोऱ्या बेरेटा पिस्तुलांनी सराव करत आहेत. हे लोक सराव करतात म्हणजे गोळ्यांचा हिशेब ठेवत नाहीत. साधा सैनिक अख्ख्या नोकरीत पिस्तुलाच्या जेवढ्या गोळ्या झाडत नसेल तेवढ्या हे काही आठवड्यांत झाडतात. तर चाप ओढला, गोळी सुटली आणि त्याच क्षणी पिस्तुलाची वरची सरकती बाजू, म्हणजे स्लाइड, मधोमध तुटली. पुढचा तुकडा पुढे पडला. मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला.

असं तीनदा झालं. तिघांच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. कुणाचा जीव गेला नाही, पण अमेरिकी सैन्याने १९८५ मध्येच हे पिस्तूल 'एम ९' या नावाने स्वीकारलं होतं, आणि तीन लाखांहून जास्त नगांचा करार झालेला होता. सील पथकात मग एक कडवट विनोद सुरू झाला, की इटालियन पोलादाची चव घेतल्याशिवाय माणूस खरा सील होत नाही.

आता प्रश्न आला, दोष कुणाचा? कंपनीचं म्हणणं, आमच्या पिस्तुलात काही खोट नाही, तुमची काडतुसं ठरलेल्यापेक्षा जास्त दाबाची आहेत. लष्कराचं म्हणणं, काडतुसं ठीक आहेत, तुमचं पोलाद ठिसूळ आहे. काडतूस की पोलाद, या भांडणाची आज आपण जरा मागची वंशावळ काढणार आहोत. कारण हे भांडण १९८७ मध्ये जन्मलं नाही. त्याची सुरुवात बरोबर त्याच मुलखात, उत्तर इटलीतल्या ब्रेशिया भागात, पाऊणशे वर्षं आधी झालेली दिसते.

त्याआधी पाच मिनिटं यंत्राबद्दल. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. टोपीवर घाव बसला की दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला ढकलतो. किती जोराने? घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात तो हवेच्या दाबाच्या दोन हजार तीनशे पटींच्या पुढे जातो. फक्त तो हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो, म्हणूनच तळहाताएवढं यंत्र हे सगळं सहन करू शकतं.

रिव्हॉल्व्हरमध्ये हा दाब नुसता सोसायचा असतो. अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाला तो सोसायचाही असतो आणि राबवूनही घ्यायचा असतो. गोळी पुढे जाते तशी स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दाबली जाते, मग तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते आणि येता येता मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सरकतं. जोरकस काडतुसात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवतात, दाब उतरला की सोडतात. हलक्या काडतुसाला एवढा खटाटोप लागत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पुरते.

म्हणजे काडतूस तेज झालं की पिस्तुलाला दोन वेगवेगळे मार बसतात, आणि हे दोन मार लोक नेहमी एकात घालतात. पहिला मार दाबाचा. तो नळीच्या बुडाला आणि अडकवणाऱ्या खाचांना बसतो. दुसरा स्लाइडच्या वेगाचा. जास्त वेगाची गोळी म्हणजे जास्त वेगाने मागे येणारी स्लाइड, आणि ती थांबते कुठे? सांगाड्यावर आपटून. पहिला मार फार मोठा असेल तर पिस्तूल एका गोळीतच फुटेल. दुसरा मार सावकाश काम करतो. पाचशे गोळ्या काही होत नाही, हजार गोळ्या काही होत नाही, आणि एखाद्या खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडलेली असते. धातूही थकतो, हे आपण विमानांच्या आणि रेल्वेच्या रुळांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. इथेही तेच.

आता इटलीला जाऊ.

जर्मनीत गेओर्ग लुगर याने १९०२ च्या सुमारास नऊ मिलिमीटरचं काडतूस बनवलं. पुंगळीची लांबी १९ मिलिमीटर. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये घेतलं आणि भूदलाने १९०८ मध्ये. हेच ते नऊ मिलिमीटर पॅराबेलम, जगात आज सर्वांत जास्त चालणारं पिस्तुलाचं काडतूस. आपल्याकडेही लष्कराचं आणि पोलिसांचं मुख्य पिस्तूल-काडतूस तेच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा; तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं असतात, किर्की फॅक्टरी. हा बुडावरचा शिक्का लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

त्याच काळात इटलीच्या सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. आबिएल बेथेल रेव्हेली नावाच्या अधिकाऱ्याने एक आराखडा केला, ग्लिसेंटी कंपनीने तो बनवला. मूळ पिस्तूल ७.६५ मिलिमीटरचं होतं. सैन्याने सांगितलं, आम्हाला नऊ पाहिजे. तेव्हा नळी बदलली, काडतूस लुगरच्या मापाचं घेतलं. पण पिस्तुलाचा जीव तेवढा नव्हता. त्याच्या सांगाड्याची डावी बाजू म्हणजे अख्खी एक पट्टी होती, साफसफाईसाठी काढता येणारी. सोय उत्तम! एक स्क्रू फिरवला की सगळं आतलं काम डोळ्यांसमोर उघडं. पण त्यामुळे नळीला खरा आधार उरला एकाच बाजूचा, उजव्या. अडकवणारी खुंटीही बेताचीच.

मग त्यांनी काय केलं? पिस्तूल मजबूत करण्याऐवजी काडतूस नरम केलं. पुंगळी तीच, माप तेच, आत दारू कमी. १९१० मध्ये हे पिस्तूल इटलीच्या सैन्यात दाखल झालं आणि काडतुसाला नाव पडलं नऊ मिलिमीटर ग्लिसेंटी.

इथे जरा थांबू. कारण आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत घातक निर्णय हाच आहे, आणि घेताना तो कुणालाच घातक वाटला नसणार. एका देशाच्या सैन्याने एकच काडतूस वापरायचं, तेच आपल्या कारखान्यात बनवायचं, तेच आपल्या शिपायाला द्यायचं. त्यात बिघडलं कुठे? बिघडलं असं, की नळीला दाब कळत नाही. नळीला माप कळतं. जर्मन काडतूस ग्लिसेंटीच्या मॅगझिनमध्ये बसतं, नळीत बसतं, चाप ओढला की सुटतं. पहिल्या गोळीला बहुधा काही होतही नाही. फक्त ती पट्टी हळूहळू सैल होत जाते, खुंटी झिजते आणि ज्याच्या हातात पिस्तूल आहे त्याला वाटतं, वा, हे तर मस्त चालतंय.

पहिल्या महायुद्धात इटली १९१५ मध्ये उतरली आणि पिस्तुलांचा तुटवडा पडला. तेव्हा बेरेटाने आपलं पहिलं पिस्तूल काढलं, मॉडेल १९१५. बेरेटा हे घराणं तसं जुनं. १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ बंदुकांच्या नळ्या विकल्याची त्यांची नोंद आहे. पण पिस्तूल पहिलंच. तुल्लिओ मारेंगोनी हा त्यांचा रचनाकार. त्यानेही नऊ मिलिमीटर ग्लिसेंटीच घेतलं, आणि अडकवणारी यंत्रणा न ठेवता स्लाइडचा धक्का झेलायला आत एक जादा स्प्रिंग बसवली. हलक्या काडतुसाला हे पुरेसं होतं. जर्मन काडतुसाला नव्हतं.

पुढे या मारेंगोनीनेच काय केलं ते पाहा. १९३४ च्या बेरेटा पिस्तुलात त्याने वेगळंच, छोटं नऊ मिलिमीटर वापरलं, सतरा मिलिमीटर पुंगळीचं, ज्याला इटालियन लोक 'कोर्तो' म्हणतात. (कुणीतरी विचारणार म्हणून सांगून टाकतो: ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर झाडलं गेलं ते बेरेटा याच १९३४ मॉडेलचं. वर्तमानपत्रांत नुसतं 'नऊ मिलिमीटर' लिहितात, पण ते आजचं लष्करी नऊ मिलिमीटर नव्हे.) कोर्तोची पुंगळीच आखूड, त्यामुळे निदान तिथे गल्लत व्हायला वाव कमी. पण १९३८ मध्ये मारेंगोनीची सबमशीनगन आली, एमएबी ३८, उत्तमच शस्त्र होतं ते, आणि तिच्यासाठी पॅराबेलमच्याच मापाचं पण चांगलं तेज काडतूस ठरवलं गेलं.

म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या एकाच सैन्यात काय चित्र होतं? कुणाकडे जुनं ग्लिसेंटी, कुणाकडे १९१५ चं बेरेटा, दोघांना हलकं काडतूस हवं. शेजारच्या सैनिकाच्या हातात एमएबी, तिला तेज काडतूस हवं. बाजूला जर्मन दोस्त, त्यांच्याकडे पॅराबेलम. आणि तिन्ही काडतुसं टेबलावर शेजारी उभी केली तर डोळ्यांनी ओळखू येत नाहीत! फरक कळायचा तो खोक्यावरच्या कागदावरून आणि बुडावरच्या शिक्क्यावरून. आता खंदकात, अंधारात, चिखलाने भरलेल्या हातांनी शिक्के कोण वाचतो?

हे इटलीचंच वेड होतं असं समजू नका. अमेरिकेत कोल्ट कंपनीने तेच वेगळ्या मार्गाने केलं. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं कोल्टचं १९०० चं पिस्तूल .३८ कॅलिबरचं. त्याची स्लाइड सांगाड्याच्या मागून चढवलेली होती आणि तिला मागे निसटण्यापासून अडवत होती पुढच्या बाजूची एक आडवी पाचर. ती पाचर तुटली किंवा बसवायची राहिली, तर स्लाइड थेट मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे. (सीलचे जवान आठवले ना?) या पिस्तुलांसाठी काडतुसाचा वेग पुढे बेताचा ठेवला गेला, १३० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,०४० फूट.

मग १९२९ मध्ये कोल्टने आपल्या मोठ्या, दणकट गव्हर्नमेंट मॉडेलमध्ये 'सुपर .३८' आणलं. तो दारूबंदीचा काळ होता. गुंड मोटारीतून पळायचे, मोटारीचे पत्रे जाड, आणि पोलिसांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या पत्र्यावर आपटून फुकट जायच्या. नवं काडतूस त्याच वजनाची गोळी १,३०० फुटांच्या आसपास नेत होतं. छानच. पण पुंगळी? तीच, जुन्या .३८ ऑटोचीच. आजच्या अमेरिकी मानकाप्रमाणे जुन्याचा कमाल दाब दर चौरस इंचाला २६,५०० पौंड, सुपरचा ३६,५००. दहा हजारांची तफावत, आणि बाहेरून काहीही फरक नाही. आणि १९०० च्या घराण्यातली जुनी पिस्तुलं तर लोकांच्या कपाटांत होतीच.

पुढे कितीतरी वर्षांनी, १९७४ पासून, सुपरच्या पुंगळीच्या बुडावर 'प्लस पी' ही खूण मारायला लागले, म्हणजे 'जादा दाबाचं'. नऊ मिलिमीटरमध्येही प्लस पी आहे; साध्याची मर्यादा ३५,००० पौंड, प्लस पीची ३८,५००. म्हणजे इथे तफावत दहा टक्के, आणि .३८ मध्ये जवळजवळ चाळीस टक्के. खूण मात्र तीच. त्यामुळे प्लस पी ऐकलं की 'थोडंसं जास्त' असं जे आपोआप मनात येतं, ते प्रत्येक काडतुसाला लागू नाही.

दाबाच्या आकड्यांबद्दल अजून एक, कारण जुनी पुस्तकं वाचणारे यात हमखास फसतात. पूर्वी दाब मोजायचा म्हणजे नळीला भोक पाडून तिथे तांब्याचा छोटा ठोकळा बसवायचा आणि तो किती चेपला यावरून हिशेब करायचा. आता विद्युत संवेदक वापरतात. तांब्याचा आकडा आणि संवेदकाचा आकडा एकाच काडतुसासाठी वेगळा येतो. युरोपची सीआयपी पुंगळीला भोक पाडून मोजते, अमेरिकेची सामी तसं करत नाही. सीआयपीची नऊ मिलिमीटरची मर्यादा २,३५० बार, म्हणजे सुमारे ३४,१०० पौंड. नाटोच्या लष्करी नऊ मिलिमीटरची ३६,५०० च्या आसपास. तेव्हा कुणी दोन आकडे शेजारी ठेवून 'हे जास्त तेज' म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारावा, मोजलं कसं?

आता या सगळ्या सामानानिशी आपण परत १९८८ मध्ये येऊ.

बेरेटा ९२ चा आराखडा १९७५ चा. त्यातला नळी अडकवण्याचा ठोकळा जर्मन वॉल्थर पी ३८ वरून घेतलेला, आणि स्लाइडचा वरचा भाग उघडा, बेरेटाची जुनी खोड. त्याने रिकामी पुंगळी अडकत नाही, पिस्तूल सहसा जॅम होत नाही. पण त्या अडकवणाऱ्या ठोकळ्यासाठी दोन्ही बाजूंना खाचा पाडाव्या लागतात, आणि नेमकं तिथे स्लाइडचं पोलाद सर्वांत कमी उरतं. स्लाइडी तुटल्या त्या तिथेच.

लष्कराने मग प्रयोगशाळेत पिस्तुलं लावून मुद्दाम गोळ्या झाडत राहायचं ठरवलं. तिथे आणखी अकरा स्लाइडी तुटल्या. मैदानावरच्या तीन धरून चौदा. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये त्यांचा अहवाल आला. लष्कराच्या धातुतज्ज्ञांचं म्हणणं होतं, की इटलीत बनलेल्या स्लाइडींच्या पोलादाचा चिवटपणा कमी आहे. टेल्युरियम या मूलद्रव्याचं नाव त्यात आलं. टेल्युरियम पोलादात का घालतात? कापायला, कोरायला सोपं जातं म्हणून. कारखान्यातलं काम भरभर होतं, हत्यारं कमी झिजतात. त्याची किंमत चिवटपणात मोजावी लागते. कंपनी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली, की नौदलाने वापरलेला दारूगोळा मर्यादेच्या वरच्या दाबाचा होता.

आमचं मत विचाराल तर या दोन म्हणण्यांत 'एक खरं म्हणजे दुसरं खोटं' असा मामला नाहीच. चिवट पोलाद तेज काडतुसाला पुष्कळ काळ पुरतं. ठिसूळ पोलाद नरम काडतुसालाही बराच काळ पुरतं. ठिसूळ पोलाद, त्यात पाडलेली खाच, तेज काडतूस आणि अफाट गोळ्या झाडणारं पथक, हे चारही एका ठिकाणी आले की चीर लवकर पडते आणि लवकर वाढते. भांडणात दोन्ही बाजूंना मात्र एकच गुन्हेगार हवा होता, कारण खर्च कुणी सोसायचा हे त्यावर ठरणार होतं. आणि या आकडेमोडीत ज्याच्या तोंडावर तुकडा आला त्याला काय दिसत होतं? हातात सरकारने दिलेलं पिस्तूल, मॅगझिनमध्ये सरकारने दिलेली काडतुसं. ग्लिसेंटीवाल्या इटालियन शिपायाला निदान चुकीचं खोकं उघडल्याबद्दल बोल लावता आला असता. याने तर खोकंही बरोबरच उघडलेलं होतं.

दरम्यान ठरावीक गोळ्यांनंतर स्लाइड बदलायची असा हुकूम निघाला. एक्सएम १० नावाची नवी स्पर्धा घेतली गेली, त्यात स्मिथ अँड वेसन आणि रुगर होते, आणि १९८९ मध्ये ती पुन्हा बेरेटानेच जिंकली. सील पथकाने मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी सिग सावरचं पी २२६ घेतलं. एम ९ च्या स्लाइडी पुढे अमेरिकेत, मेरीलँडमधल्या अकोकीकच्या कारखान्यात बनू लागल्या.

आणि पिस्तुलात बदल झाला तो एवढाच. घोडा ज्या पिनवर फिरतो, त्या पिनचं डोकं मोठं केलं आणि त्यासाठी स्लाइडच्या आतल्या बाजूला एक खोबण पाडली. स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा त्या डोक्याला अडकून जागीच थांबतो. तुटू नये यासाठी ही पिन काहीच करत नाही. तुटल्यावर तोंडावर येऊ नये, एवढंच तिचं काम. हा बदल केलेलं पिस्तूल म्हणजे ९२ एफएस. आज जगभरच्या दुकानांत आणि पोलीस ठाण्यांत जे बेरेटा दिसतं ते बहुतेक हेच, आणि त्याची स्लाइड उतरवली की ते जाडं डोकं खाली दिसतं.